चौथ्या दिवसाची तिकिटं

कर्वे पुतळा मागे पडला तेव्हा हिंदुराव अण्णांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, "बाई, देवाला क्रिकेट कळतं का हो?"

पहाटे साडेपाचला आम्ही वारज्यातून निघालो होतो. पौषातली संकष्टी. थंडी चांगलीच होती. अण्णांनी कानटोपी घातली होती, तिच्यावरून मफलर गुंडाळला होता, आणि एवढा वेळ त्या मफलरच्या आतून नुसता श्वास ऐकू येत होता. मी दर संकष्टीला वारज्याहून दगडूशेठपर्यंत चालत जाते. सतरा वर्षं झाली. जाताना चालत, येताना बसने. अण्णा आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात, आणि फाटकातून मी बाहेर पडताना दिसले की त्यांचं ठरलेलं असायचं, "का हो बाई, पीएमटी बंद पडली का?" या वेळी मात्र आदल्या संध्याकाळी त्यांनीच माझी बेल वाजवली. दारात उभं राहून म्हणाले, उद्या मी येतो. कशाला ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एकाहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरणारे, देवळाच्या दारात कधी चप्पल न काढलेला. काहीतरी असल्याशिवाय येत नाही एवढं मला कळलं.

मी म्हटलं, कळत असेल. न कळण्यासारखं काय आहे त्यात?

"मग आपल्याकडं लक्ष का न्हाय त्याचं?"

बारा दिवसांपूर्वी आपला संघ ऑस्ट्रेलियात मालिका हरला होता. त्याच्या आधी न्यूझीलंडचे लोक आपल्याकडे येऊन तिन्ही कसोटी सामने जिंकून गेले होते. हे मला पेपरमधून नाही कळलं. अण्णांच्या खिडकीतून कळलं. ऑस्ट्रेलियातले काही सामने आपल्याकडे पहाटे पाचला सुरू व्हायचे. मी पाणी भरायला उठले की खाली त्यांच्या टीव्हीचा निळा उजेड पडलेला असायचा, आणि थोड्या वेळाने आवाज यायचा. "अरे, नुसता उभा राहा की दोन तास! माझ्या मळ्यातलं बुजगावणं बी दिवसभर उभं राहायचं."

मळा म्हणजे आमची इमारत जिथे उभी आहे ती जागा. वारजे तेव्हा गाव होतं. अण्णांची पाच एकर होती, मेथी, कोथिंबीर, पालक. पहाटे जुड्या बांधून मार्केट यार्डात न्यायच्या. जुड्या बांधताना कानाशी ट्रान्झिस्टर लागायचा. माल विकला की इतर शेतकरी घरी परतायचे, अण्णा बुधवार पेठेत जायचे. तिथल्या दुकानांच्या काचेत टीव्ही लावलेले असत आणि बाहेर रस्त्यावर मॅच बघणाऱ्यांची गर्दी. गावात पहिला टीव्ही आपण आणला असं अण्णा सांगतात. सोजरबाई, त्यांच्या मालकीण, म्हणायच्या, दुसरा. पहिला पाटलांचा. या एका गोष्टीवरून त्या दोघांचं जन्मभर जमलं नाही.

सोजरबाईंनी पंचवीस वर्षं मॅच पाठीने बघितली. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. कधीकाळी त्या भाजी निवडत टीव्हीकडे पाठ करून बसल्या होत्या, तेव्हा एक भागीदारी फार लांबली. मग त्यांनी वळून बघितलं आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी बाद झालं. तेव्हापासून अण्णांनी त्यांना तसंच बसवलं. चेंडू कुठे गेला, कोण पळालं, हे त्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर वाचायच्या. मी एकदा विचारलं, तुम्हाला राग नाही येत? म्हणाल्या, "मला काय, यांचं तोंड बघायला मिळतं. एरवी कुठं समोर बसतंय हे माणूस."

त्यांचा एकुलता एक मुलगा इंद्रजीत. माझ्या बालवाडीत होता, म्हणून सगळं घर मला बाई म्हणतं. डबा खाताना चमच्याने बोरं टोलवायचा, त्यापायी मी त्याला कोपऱ्यात उभंही केलेलं आहे. बाप-लेकाची मैत्री म्हणजे क्रिकेटच. पोराला पाढे येत नव्हते तेव्हा धावफलक वाचता येत होता. पुढे तो इंजिनियर झाला, लग्न झालं, खराडीला फ्लॅट घेतला. पुण्यातच, पण वारज्याहून खराडी म्हणजे दुसऱ्या टोकाला. तरी दर रविवारी यायचा. सोजरबाई होत्या तोवर.

त्या गेल्या त्याला आता तीन वर्षं होतील. दवाखान्यात होत्या. पहाटे चारच्या सुमाराला जीव गेला. अण्णा एकटेच होते शेजारी. इंद्रजीतला फोन लावत होते, तो लागत होता पण उचलला जात नव्हता. दिवसभराच्या धावपळीने दमून झोपला होता बिचारा, फोनचा आवाज बंद. तो पोचला तेव्हा साडेसहा वाजले होते.

त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. तेराव्याला पंगत बसली होती, मी भात वाढत होते. इंद्रजीत समोरच्या पानावर होता. अण्णा मधूनच त्याच्याकडे बघून म्हणाले, "मॅच असती तर वेळेवर आला असतास."

आवाजही चढवला नव्हता. पण पंगतीत सगळ्यांना ऐकू गेलं. इंद्रजीतने पानावरून हात उचलला, उठला, हात धुतले आणि गेला. तेव्हापासून तो त्या घरात आलेला नाही.

दोन महिने तर फोनही नव्हता. मग एक दिवस आपण कुठलीशी मॅच जिंकलो, आणि अण्णांचा फोन वाजला. पलीकडून तो म्हणाला, "बघितली का?" बस, एवढंच. माफी नाही, खुलासा नाही, आईचं नाव नाही. त्या दिवसापासून असं पडून गेलं की आपण जिंकलो की फोन येणार. कोण कसा खेळला, कर्णधाराने कुठे चूक केली असती पण केली नाही, चेंडू कधी वळायला लागला. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मग तो म्हणायचा, ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पिशवी घेऊन स्वतः दुधाला निघायचे, आणि जिन्याशी मी भेटले की म्हणायचे, आला होता फोन.

हरलो की फोन यायचा नाही. मी पहिल्यांदा म्हटलं, अहो, हरल्यावर तर जास्त बोलायला मिळेल. अण्णा म्हणाले, तसं नसतं बाई. हरल्यावर माणूस चूक कुणाची ते बोलायला लागतो. मला तेव्हा नीट उमजलं नव्हतं. त्या दोघांना हाच एक विषय नको होता.

तर लोक संघावर चिडतात तशी अण्णांची चीड नव्हती. बाकीचे चार शिव्या देतात, चहा घेतात, कामाला लागतात. अण्णांचा एकेक सामना गेला की त्यांच्या हातून मुलगा जरा लांब जायचा. आणि हे त्या अकरा जणांच्या गावीही नव्हतं.

नळ स्टॉपला आम्ही थांबलो. माझा उपास होता, अण्णांनी चहा घेतला. गाडीवाल्याच्या मोबाईलवर कुठलीतरी जुनी मॅच चालू होती. अण्णांनी तिकडे पाठ केली. पुढे चालायला लागल्यावर म्हणाले, ती गहुंज्याची तिकिटं अजून घरात आहेत, टाकून द्यायला हवीत.

त्या तिकिटांबद्दल मला माहीत होतं. ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडचा एक कसोटी सामना पुण्याजवळच्या गहुंज्याच्या स्टेडियमवर होता. त्याआधीच्या एका फोनवर इंद्रजीत आपणहून म्हणाला होता, अण्णा, आपण जाऊ या का या वेळी? रविवार असेल तर मला जमेल. तीन वर्षांत पहिल्यांदा भेटायची गोष्ट निघाली होती. सामना गुरुवारी सुरू होणार होता, म्हणजे रविवार हा चौथा दिवस. तिसऱ्या मजल्यावरच्या वैष्णवीने मोबाईलवर तिकिटं काढली आणि कागदावर छापून दिली. तीही मॅचवाली. काढताना ती हळूच म्हणाली होती, आजोबा, चौथा दिवस येईलच असं नसतं हल्ली, बघा बुवा. अण्णा म्हणाले, "बारा वर्षं घरच्या मैदानात आपण मालिका हरलेलो न्हाय. चौथा काय, पाचवा बी येईल. तू दाब ते बटण."

मग ते माझ्याकडे आले. रविवारी सकाळी दोघांपुरते धपाटे करून द्याल का? सोजरबाई मॅचला न्यायला तेच करून द्यायच्या. त्याला लसूण जास्त लागतो, हे दोनदा सांगून गेले. जिन्यातून परत वर येऊन तिसऱ्यांदा सांगितलं.

शुक्रवारी आपला संघ दीडशेच्या पुढे जेमतेम सरकून गडगडला. शनिवारी दुपारी मी पीठ किती लागेल ते विचारायला खाली गेले, तर टीव्ही बंद. अण्णा त्या बंद टीव्हीसमोर बसले होते. म्हणाले, खलास. मग मोबाईल माझ्यापुढे धरला. इंद्रजीतचा मेसेज होता. मॅच संपली ना, आता राहू दे, पुन्हा कधीतरी.

रविवारी मी धपाटे केलेच. का केले ते सांगता येणार नाही, लसूण सोलून झाला होता म्हणा. आठ वाजता गॅलरीतून पाहिलं तर अण्णा फाटकाशी कट्ट्यावर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला टोपी, शेजारी पाण्याची बाटली. आमचा वॉचमन संजय त्यांना समजावत होता, अण्णा, मॅच काल संपली. अण्णा म्हणाले, "मला सांगतोस? तू काल झोपला होतास खुर्चीत." साडेअकरापर्यंत ते तिथेच होते. मी डबा खाली नेऊन दिला. त्यातला एक खाल्ला, बाकीचे संजयला दिले, आणि घरात गेले.

हे सगळं माझ्या डोक्यात चाललं होतं आणि आम्ही डेक्कनला पोचलो होतो. उजाडलं होतं. लकडी पुलावर वारा फार लागला, अण्णा कठड्याला धरून उभे राहिले. मला वाटलं गुडघा दुखत असेल. त्यांनी मफलर खाली केला.

"बाई, त्या दिवशी तुम्ही काय विचारलं न्हाय मला. संजय म्हणला, मॅच संपली. मला कळत नव्हतं व्हय? मॅच संपली होती. पण रविवार होता की."

मी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला.

"रविवारी जमेल म्हणला होता तो. मला वाटलं, येईल. म्हणंल, चला अण्णा, आलोच हाय तर चहा घेऊ." मग मफलर सारखा करत म्हणाले, "चहा टाकून ठेवला नव्हता मी. म्हटलं उगा नजर नको लागायला."

पुढची हकीकत त्यांनी चालता चालता तुटक तुटक सांगितली. नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियात पहिला सामना आपण जिंकलो तेव्हा फोन आला होता. अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत गहुंज्याचा विषय दोघांनीही काढला नाही. मग हार, एक अनिर्णित, हार, आणि सिडनीत पुन्हा हार. तो शेवटचा सामना संपला तो दिवसही रविवारच होता. दुपारी मेसेज आला. अण्णांनी मला तो वाचून दाखवला नाही, पाठ म्हणून दाखवला. अण्णा, मी आता क्रिकेट बघणं सोडलं. उगाच वेळ जातो. तुम्हीही सोडा.

"सोडा म्हणतो," अण्णा म्हणाले. "दारू हाय का सोडायला."

पुढच्या आठवड्यात इंग्लंडबरोबर वीस-वीस षटकांचे सामने सुरू होणार होते. मी आपलं धीर द्यायला म्हटलं, त्यात जिंकतीलच आपली मुलं. अण्णा म्हणाले, ते भेळ खाईपर्यंत संपतं, आणि जिंकले तरी आता बघणारच नाही तो, तर फोन कशाचा करील?

म्हणजे त्यांचं त्यांनाच कळलेलं होतं. तरी ते नऊ किलोमीटर चालत आले होते. मी मनात म्हटलं, गजानना, तू बघ.

अलका चौकातून पेठेत शिरलो. शहर जागं होत होतं, दुकानांची शटरं अजून खाली होती. बुधवारात आल्यावर अण्णांनी एक जागा दाखवली. इथं उभं राहून बघायचो, म्हणाले. आता तिथे मोबाईलच्या कव्हरचं दुकान आहे. त्या फुटपाथवर ते जरा जास्त वेळ उभे राहिले. एकदा पाच-सहा वर्षांच्या इंद्रजीतला खांद्यावर घेऊन इथे मॅच बघितली होती, आणि त्याने टोपीवर मुतून ठेवलं तरी खाली उतरवलं नव्हतं, कारण शेवटचं षटक चालू होतं. हे सांगताना ते हसले. त्या दिवसभरात तेवढंच.

संकष्टीची रांग होती. अण्णा म्हणाले, मी आत येत नाही, रस्त्यावरून दिसतो की. खरंच दिसतो. मी रांगेत गेले, दूर्वा वाहिल्या, नमस्कार केला. देवाला माझं सांगायचं होतं ते राहिलंच, अण्णांचंच सांगून आले. बाहेर आले तर ते समोरच्या बाजूला पायरीवर बसले होते, कानटोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. टक्कल थंडीने लाल झालं होतं. मी शेजारी बसले. प्रसादाचा पेढा दिला.

मी विचारलं, मागितलं का?

"न्हाय." पेढ्याचा तुकडा मोडून त्यांनी बराच वेळ बोटांत धरून ठेवला. "हात जोडले. म्हणणार होतो, यांना जरा नीट खेळव. तोंडातून शब्द निघंना. एवढा मोठा देव, त्याला काय सांगायचं, तिसऱ्या नंबरला कुणाला पाठव म्हणून? मला ते नकोच हाय, बाई. ते जिंकले काय, हरले काय."

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे सरळ बोलले. म्हटलं, अण्णा, तेराव्याला तुम्ही बोललात ते चुकलंच. पोर जेवत्या पानावर असताना बोललात. ते म्हणाले, ठाऊक आहे. म्हटलं, मग तसं म्हणा त्याला. ते म्हणाले, तिथपर्यंत पोचायला आधी बोलणं तर सुरू व्हायला हवं. मी म्हटलं, मी बोलू का इंद्रजीतशी? माझ्या हाताखालचं पोर आहे, माझं ऐकेल.

"नको," अण्णा म्हणाले. "थर्ड अंपायर नको."

तेवढ्यात माझा फोन वाजला. माझी मुलगी पूर्णिमा, साताऱ्याहून. रोज सकाळी करते. दर्शन झालं का, म्हणाली. मी म्हटलं, झालं. मग तिने सांगितलं की कुकरची शिट्टी होत नाहीये. मी म्हटलं, रिंग बदल. ती म्हणाली, मागच्याच महिन्यात बदलली. धाकट्याचा खोकला, शेजारणीने दिलेली वालाची भाजी कडू निघाली, तू उपासाला काय खाणार, पाय दुखत नाहीत ना. पाच-सात मिनिटं झाली असतील. मी फोन ठेवला.

अण्णा माझ्याकडे बघत होते. कुणी टाका कसा घालतं ते बघावं तसं.

"रोज एवढं बोलता?"

मी म्हटलं, एवढं म्हणजे काय, काहीच तर नव्हतं त्यात.

"तेच म्हणतोय मी. काय बी नव्हतं, अन् दोघी बोलत होता." पेढा त्यांनी तोंडात टाकला, हात धोतराला पुसले. आतल्या खिशातून मोबाईल काढला, चष्मा लावला, आणि इंद्रजीतचं नाव असलेलं पान उघडून तो माझ्या आणि त्यांच्या मध्ये पायरीवर ठेवला. बोट मात्र लावलं नाही. रस्त्यावर फुलवाल्यांची हाकाहाक चालू होती, त्यामुळे ते माझ्याकडे झुकून बोलले.

"मला त्याच्याशी मॅचशिवाय दुसरं काय बोलायचं ते येतच न्हाय, बाई. कधी बोललोच न्हाय. तुम्ही त्याला बोलायला शिकवलं होतं लहानपणी, आता मला बी शिकवा. लई नको. त्यानं फोन उचलला की पहिलं काय म्हणायचं, तेवढं एक वाक्य सांगा. पुढचं माझं मी बघतो."